ठकी, हुरडा आणि मधलं दार

मे महिन्यात परभणीत रात्री एक वाजता भिंतीला हात लावला तरी ती गरम लागते. आमच्याकडं कूलर एकच, मधल्या खोलीत, त्यामुळं उन्हाळ्याचे दोन-अडीच महिने सगळं घर त्या एका खोलीत झोपतं. सासूबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणते, त्या दिवाणावर, मी, नवरा आणि पोरगं खाली गादीवर, आणि ठकी आणि हुरडा ही आमची दोन मांजरं जिथं जागा मिळंल तिथं. बाकीच्या खोल्या म्हणजे भट्टीच.

गेल्या मे महिन्यात अशाच एका रात्री ठकी खिडकीत बसली होती. कूलर चालू असला की खिडकी उघडीच ठेवावी लागते, नाहीतर खोलीत नुस्ता दमटपणा होतो. बाहेर कंपाउंडच्या भिंतीवर गल्लीतला तो मोठ्या डोक्याचा बोका येऊन बसला आणि ठकीच्या गळ्यातून असा आवाज निघाला की मी दचकून उठले, लांबलचक, खालून वर चढत जाणारा, लेकरू रडावं तसा. हुरडा पण उठला. काय झालंय बघावं म्हणून तो तिच्या मागं गेला, बस्, एवढंच केलं त्यानं. ठकी गर्रकन वळली आणि त्याच्यावर तुटून पडली. अंधारात दोघांचा एकच गोळा झाला होता, किंकाळ्या, केसांचे पुंजके, त्यातच हुरड्याला भीतीनं सू झाली ती सगळी आत्याबाईंच्या वाकळेवर, आणि मला काही सुचेना, मी मधी हात घातला.

हात कधीच घालू नका. ठकीचा सुळा माझ्या अंगठ्याखालच्या मऊ भागात पार आत गेला. साबण लावून पंधरा मिनिटं पाण्याखाली हात धरला, सकाळी सरकारी दवाखान्यात जाऊन इंजेक्शन घेतलं, ठकीला दरवर्षी रेबीजची लस देतो तरी डॉक्टरांनी पूर्ण कोर्स करायला लावला, ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी. मांजराचा दात सुईसारखा असतो, वरून भोक बारीक दिसतं पण घाण खोलवर जाते, त्यामुळं घरचंच मांजर आहे म्हणून हळद लावून बसू नका. मांजरं भिडली तर मधी उशी टाका, पुठ्ठा सरकवा, ताट वाजवा, पण हात नको.

आता ही दोघं कोण ते सांगते. ठकी पाच वर्षांची, काळी-तांबडी-पांढरी, अशी तीन रंगांची मांजर जवळपास नेहमी मादीच असते. ती आमच्या जिन्याखाली जन्मलेली, तिची आई तिला तिथंच सोडून गेली, तेव्हापासून हे घर तिचं. हुरडा त्या मे महिन्याच्या दीड वर्ष आधीच्या हिवाळ्यातला. पाथरीकडं नणंदेच्या शेतात हुरडा खायला गेलो होतो, सगळे उठून गेले आणि आगटीची राख अजून कोमट होती, त्या राखेशेजारी हे दीड वितीचं पिल्लू अंग चोरून बसलेलं, मिशा जळालेल्या. पोरानं उचललं ते सोडलंच नाही. घरी आणला आणि मी काय केलं, पिशवीतून काढून थेट ठकीपुढं ठेवला, म्हटलं बघ तुला भाऊ आणलाय. ठकी फिस्कारली, दोन दिवस माळ्यावरून खाली आली नाही, मग आली, मग दोघं एकाच परातीत शेजारी-शेजारी खायला लागले आणि आम्ही म्हटलं चला, जमलं. दोघांचं नसबंदीचं ऑपरेशनही वेळेवर करून घेतलं होतं. दीड वर्ष मी सगळ्यांना हेच सांगत होते की आमच्या दोघांचं लई चांगलं जमतं.

त्या रात्रीनंतर हुरडा धान्याच्या कोठीमागं जाऊन बसला तो संध्याकाळपर्यंत बाहेर आला नाही. ठकी दाराच्या मधोमध बसून त्या कोठीकडं बघत राहिली. नुस्ती बघत. आत्याबाई म्हणाल्या, "भांडतेत आन् एक होतेत, जनावराच्या ध्यानात राहतंय व्हय." मला पण तसंच वाटलं. पण दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच, हुरडा बाहेर आला की ठकीचे कान आडवे, शेपटीचं टोक हलायला लागायचं, की हा परत कोठीमागं.

मग गादी ओली व्हायला लागली. पहिल्या दिवशी पोराला विचारलं, बिचारं नऊ वर्षाचं पोरगं रडायला लागलं. मग वास घेतला तर कळलं. दुसऱ्या दिवशी धुतलेल्या कपड्यांच्या ढिगावर, तिसऱ्या दिवशी परत वाकळेवर. आणि हे कधी, तर आमच्याकडं नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी यायलेलं तेव्हा. माझं माहेर लातूरचं, २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तो उन्हाळा मी तिथं काढलाय, पाण्याचा तांब्या सांडला तरी माझ्या पोटात गोळा येतो, आणि इथं रोज एक गोधडी धुवायला दोन-तीन बादल्या. मी हुरड्यावर ओरडले. एकदा त्याला मानेला धरून त्या ओल्या जागेपाशी नेलं. हे लिहितानाही मला त्रास होतोय, कारण त्याला काय होत होतं ते मला चार दिवसांनी कळलं.

चार दिवसांनी तो घमेल्यात बसायचा आणि उठायचाच नाही. आम्ही घमेल्यात सुतारकामाचा भुसा आणि बारीक वाळू मिसळून टाकतो. तो बसायचा, जोर लावायचा, उकरायचा, बाहेर येऊन मागून चाटत बसायचा, परत आत. मला वाटलं शी अडकलीय. मी चमचाभर तूप चाटवलं. शेजारच्या काकूंनी सांगितलं की माणसाची ताप-अंगदुखीची गोळी अर्धी दे, त्यांनी चांगल्या मनानंच सांगितलं, पण नशीब मी दिली नाही, कारण पॅरासिटामॉल मांजराला विष आहे, अर्धी गोळी सुद्धा जीव घेऊ शकते. सकाळी हुरडा ओकला आणि पोटाला हात लावला तर गुरगुरला, माझ्यावर तो आयुष्यात कधी गुरगुरला नव्हता. घमेलं बघितलं तर भुसा कोरडा.

आमच्या परभणीत व्हेटरनरी कॉलेज आहे, त्यामुळं जनावरांचे डॉक्टर गावात मिळतात हे एक बरंय. दवाखान्यात रांगेत पुढं शेळी, मागं वासरू, मधी मी भाजीच्या प्लॅस्टिक क्रेटवर दुसरा क्रेट उलटा बांधून मांजर घेऊन. डॉक्टरांनी पोट चाचपलं आणि लगेच आत घेतलं. मूत्राशय कैरीसारखं टणक झालं होतं. बोक्याचा लघवीचा मार्ग लई बारीक असतो, सूज आली किंवा चिकट बोळा अडकला की बंदच होतो, मग पोटॅशियम रक्तात साठतं आणि हृदय बंद पडतं, पूर्ण अडली तर एक-दोन दिवसात खेळ खलास. गुंगी देऊन नळी घातली. नळी घालून दोन दिवस ठेवावं लागलं.

खडा बिडा काही निघाला नाही. डॉक्टर म्हणाले, "ताई, घरात काही बदल झालाय का? नवीन पाहुणा, नवीन जनावर, बांधकाम?" मी म्हटलं कामून? तर म्हणाले की या दुखण्याला फिलाइन इडिओपॅथिक सिस्टायटिस म्हणतात, इडिओपॅथिक म्हणजे नेमकं एक कारण बोट ठेवून दाखवता येत नाही, पण अशा मांजरांत ताण हा मोठा भाग असतो, ताण आला की मूत्राशयाचं अस्तर सुजतं, लघवीला आग होते, आणि आग होते म्हणून ते घमेलं सोडून मऊ जागा शोधतं. म्हणजे गादी, कपडे, वाकळ. म्हणजे मी ज्याच्यावर ओरडत होते तो दुखतंय म्हणून मऊ जागा शोधत होता.

मग मी त्या रात्रीचं सगळं सांगितलं, खिडकी, बोका, सगळं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले ठकीला राग बाहेरच्या बोक्याचा आला होता, जाळीमुळं तिथं पोचता येत नव्हतं, मग जे हाताशी आलं त्याच्यावर निघाला. आपल्याकडं वड्याचं तेल वांग्यावर म्हणतात ना, अगदी तसं. आणि मांजराचं अंग असं पेटलं की ते लवकर विझत नाही, कधी तासाभरात शांत होतं, कधी दिवस-दोन दिवस लागतात, आणि त्या वेळात समोर जे दिसलं त्याच्याशी ती भीती जोडली जाते. हुरडा दिसला की ठकीला ती रात्र आठवायची, ठकी दिसली की हुरड्याला.

हुरडा घरी आला त्या दिवशी मला वाटलं आता ठकीला पण बरं वाटंल. क्रेट उघडला तर ठकी त्याच्याजवळ आली, वास घेतला आणि दुप्पट फुगली. त्याच्या अंगाला स्पिरिटचा, औषधाचा, दुसऱ्या जनावरांचा वास होता. मांजर घरच्या माणसाला आणि मांजराला डोळ्यापेक्षा नाकानं जास्त ओळखतं, सगळ्यांनी एकमेकांना अंग घासून घासून घराचा एक वास तयार केलेला असतो, तो वास गेला की तिच्यासाठी हा कुणीतरी परका बोका झाला. दवाखान्यातून मांजर आणलं की हे लई घरांत होतं आणि लोकांना वाटतं मांजराचं डोकं फिरलं. आणल्या आणल्या एका वेगळ्या खोलीत एक रात्र ठेवायचं, त्याला स्वतःला चाटून घेऊ द्यायचं, आपल्याच वापरातल्या फडक्यानं पुसायचं, मग बाहेर काढायचं. एवढं मला आधी कुणी सांगितलं असतं तर.

त्या रात्री झोप आलीच नाही. मोबाईलमध्ये जुने व्हिडिओ बघत बसले. एक संक्रांतीचा होता. स्वयंपाकघरात आत्याबाई तिळाच्या पोळ्या करायल्यात, ठकी मधल्या दाराच्या उंबऱ्यावर बसलीय, हुरडा बाहेरून येतो, दारापाशी थांबतो, तिच्याकडं बघतो, मग मान खाली घालून वळतो आणि जिन्याकडं निघून जातो. मी तो व्हिडिओ सगळ्या ग्रुपवर टाकला होता, खाली लिहिलं होतं "धाकट्याला ताईचा धाक", चार बदाम टाकले होते. मी तो सहा-सात वेळा बघितला. ठकी गुरगुरत नाही, नखं काढत नाही, हलत सुद्धा नाही. ती नुस्ती दारात बसलीय आणि त्या दारापलीकडं जेवणाची परात आहे. मग मी अजून व्हिडिओ शोधले. एकात घमेल्याजवळच्या पॅसेजमध्ये ती अशीच. एकात तो खायलाय आणि ती शेजारी, दोघं गोड दिसतात, पण तो खाताना एक कान सारखा तिच्याकडं वळवलेला आणि चार घास खाऊन निघून जातो. दीड वर्ष हे चाललेलं होतं. मे महिन्यात फक्त आवाज झाला. एरवी त्याला पळायला तीन खोल्या आणि गच्ची होती, उन्हाळ्यात सगळं घर एका कूलरपुढं आलं आणि त्याची पळायची जागा संपली.

मांजरांची भांडणं आपण फिस्कारण्यावरून आणि बोचकारण्यावरून मोजतो. पण खरं भांडण बसायच्या जागेवरून कळतं. कोण दारात बसतं, कोण वाट बदलतं, कोण कुणाकडं टक लावून बघतं आणि कोण नजर चुकवतं. एकमेकांना चाटणारी, अंगाला अंग घासणारी, शेपटी उभी करून एकमेकांकडं जाणारी मांजरं खरी दोस्त. एका परातीत खाणारी नव्हेत, भूक लागली की वैरी पण शेजारी जेवतो.

मग दुसऱ्या दिवसापासून आम्ही दोघांना वेगळं केलं. हुरडा देवघराच्या बाजूच्या छोट्या खोलीत, ठकी बाकी घरात, मधलं दार बंद. खोलीत टेबल फॅन लावला, खिडकीला ओला पडदा, आणि तोपर्यंत पहिले वळीव पडून गेले होते म्हणून ते सहन तरी झालं. आत्याबाईंना हे अजिबात पटलं नाही. "लेकरं भांडली म्हणून कुणी कोंडून घालतंय का गं, काय पाप लागंल." दोन दिवस त्या माझ्याशी नीट बोलल्या नाहीत. मी त्यांना सगळं समजावून सांगायला गेले, वास, ताण, ओळख, तर त्या मधीच म्हणाल्या, "म्हंजी नवा बैल आणल्यावर करतेत तसं व्हय?" मी म्हटलं कसं? तर म्हणाल्या की त्यांच्या माहेरी नवा बैल आणला की पहिल्याच दिवशी जुन्याच्या दावणीला बांधत नसत. गोठ्यात या टोकाला एक, त्या टोकाला एक, मधी वैरण. एकाची उष्टी वैरण दुसऱ्याला टाकायची. आठ-दहा दिवसांनी जवळ घ्यायचे, मग जू. मी बघतच राहिले. मी रात्र रात्र मोबाईलवर जे शोधून वाचत होते ते ह्यांना गोठ्यातून ठाऊक होतं.

तिथून पुढं खरं काम आत्याबाईंनीच केलं. त्यांनी त्यांच्या एका जुन्या लुगड्याचे चार तुकडे फाडले, मऊ सुती, शेकडो धुण्यांनी पातळ झालेलं. एक तुकडा घेऊन त्या ठकीला मांडीवर घ्यायच्या आणि तिच्या गालावरून, ओठाच्या कोपऱ्यापासून कानाच्या बुडापर्यंत, हळूहळू फिरवायच्या, देवाच्या मूर्ती पुसतात तशा. मांजराच्या गालाला गंधाच्या ग्रंथी असतात, दाराच्या कडेला, आपल्या पायाला ते गाल घासतं ते त्यामुळंच, हे माझंय म्हणून. तो तुकडा मग हुरड्याच्या खोलीत त्याच्या ताटलीपासून चार हातावर ठेवायचा, आणि हुरड्याच्या गालावरून फिरवलेला तुकडा ठकीकडं. पहिल्या दिवशी ठकी त्या फडक्यावर फिस्कारली, नुस्त्या फडक्यावर! हुरडा तर जेवलाच नाही, तेव्हा फडकं लांब नेलं. मांजर दोन-तीन दिवस पूर्ण उपाशी राहिलं तर त्याच्या लिव्हरवर चरबी चढते, त्यामुळं जेवण बंद होईपर्यंत ताणायचं नाही, एक पाऊल मागं यायचं. नवव्या का दहाव्या दिवशी सकाळी मी दार उघडलं तर हुरडा ठकीच्या फडक्यावर झोपला होता. आत्याबाईंना बोलावून दाखवलं. त्यांनी पदर डोळ्याला लावला.

मधल्या काळात घर पण बदललं. आधी दोन घमेली जिन्याखाली शेजारी-शेजारी होती, मला वाटायचं दोन मांजरं दोन घमेली, हिशोब झाला. पण शेजारी ठेवलेली दोन घमेली मांजराला एकच, कारण एका जागी बसून दोन्हीवर पहारा देता येतो. आता तीन आहेत, मांजरं जेवढी त्यापेक्षा एक जास्त, एक जिन्याखाली, एक मागच्या खोलीत, एक बाथरूमच्या बाजूला, तीन दिशांना. ताटल्या वेगळ्या खोल्यांत. पाण्याला मातीच्या येळण्या, चार ठिकाणी, कारण हुरड्याच्या पोटात पाणी जास्त जायला पाहिजे, कोरडं खाणं कमी करून ओलं वाढवलं. उंचीवर पण जागा केल्या. माळ्यावर जायला कपाट, कपाटावर जायला टेबल, आणि उतरायला दुसरी वाट, हे महत्त्वाचंय, एकच वाट असली तर वर गेलेलं वर अडकतं आणि खाली दुसरं बसून राहतं. जुन्या शोकेसमधून टीव्ही काढून भिंतीला लावला आणि ते शोकेस मांजरांना दिलं.

फिनेल बंद केलं. आपल्याकडं मांजरानं घाण केली की पहिलं काय करतो, बादलीभर फिनेल. फिनॉलवाली फिनेलं मांजराला बाधतात, ती पायाला लागतात आणि चाटून पोटात जातात, शिवाय अमोनियाचा वास असलेलं काहीही टाकलं की मांजराला ते लघवीसारखंच वाटतं आणि ते परत तिथंच करतं. एन्झाइमवालं क्लीनर ऑनलाइन मागवलं, वास त्यानं मुळापासून गेला, एरवी रोजचं पुसायला साधा साबण.

आणि तो बाहेरचा बोका. तो आमच्याच खिडकीखाली कामून यायचा हे शोधलं तर आत्याबाईच निघाल्या. रोज रात्री त्या त्याच्यासाठी दूध-भाकर कुस्करून खिडकीखाली ठेवायच्या, कुणाला न सांगता. त्यांना मी काय बोलणार, उपाशी जनावराला घास देणारी बाई. त्यांना फक्त एवढं म्हटलं की जागा बदलू. आता त्याचं भांडं गल्लीच्या टोकाला लिंबाच्या झाडाखाली असतं आणि दुधाऐवजी भाकरीवर थोडं सुकटीचं पाणी, मोठ्या मांजरांना दूध फारसं पचत नाही. खिडकीच्या खालच्या अर्ध्या काचेला आणि जाळीला पांढरा कागद लावला, उजेड येतो पण भिंत दिसत नाही. त्या बोक्यानं कंपाउंडवर जिथं लघवीचे फवारे मारले होते ती जागा धुऊन काढली. फेरोमोनचा डिफ्यूजर पण मागवला होता, म्हणजे मांजराच्या गालाच्या गंधासारखा वास हवेत सोडणारं यंत्र, प्लगला लावायचा असतो, महागाचा, आमच्याकडं त्यानं फार फरक जाणवला नाही, लाइट पण सारखी जायची. ज्यांना परवडतो त्यांनी लावावा, पण घमेली आणि वाटा आधी नीट करा.

दाराआड जेवण सुरू केलं ते आषाढात. बंद दाराच्या इकडं ठकीची ताटली, तिकडं हुरड्याची, आधी पाच हातावर, रोज वीतभर पुढं. दोघांना जिवापाड आवडणारी एकच गोष्ट, उकडलेलं चिकन, बिनमिठाचं, कांदा-लसूण अजिबात नाही कारण ते मांजराला विषारी. जमत आलं आणि श्रावण लागला. आमच्या घरात श्रावणात अंडं सुद्धा येत नाही. मी आत्याबाईंना काही म्हणाले नाही, दोन दिवस ओल्या फूडवर काढले, हुरडा दारापर्यंत यायलाच तयार नाही. तिसऱ्या दिवशी आत्याबाईच म्हणाल्या, "गच्चीवर चूल मांड, वेगळं भांडं घे, आंघोळ करून खाली ये." महिनाभर मी गच्चीवर पत्र्याच्या आडोशाला चिकन उकडत होते आणि खाली त्यांची पोथी चालू असायची.

मग दार उघडून मधी मच्छरदाणीचं कापड ताणून लावलं, दुहेरी. पहिल्यांदा एकमेकांना बघितलं तेव्हा ठकीनं टक लावली. तेव्हा आम्ही नुस्तं मधी कूलरच्या खोक्याचा पुठ्ठा सरकवायचो, ओरडायचं नाही, पाणी मारायचं नाही, ओरडलं की त्या ओरडण्याची भीती पण समोरच्याच्या नावावर जमा होते. पुठ्ठा, मग ताटली, मग पुठ्ठा काढायचा. मी ठकीकडं बघून हळू डोळे मिटायचे आणि हळू उघडायचे. आपल्याकडं मांजर डोळे मिटून दूध पितं असं चोरट्या माणसाला म्हणतात, पण मांजर ज्याच्यापुढं डोळे मिटतं त्याच्यावर त्याचा भरवसा असतो. २०२० मध्ये इंग्लंडातल्या ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी हे तपासलं होतं, माणसानं असे हळू डोळे मिटले की मांजरं पण मिटतात आणि अनोळखी माणसाच्या सुद्धा जवळ येतात. पोळ्याच्या आदल्या दिवशी ठकीनं जाळीपलीकडं बघत डोळे मिटले. माझ्याकडं नाही, हुरड्याकडं.

पोळ्यानंतर जाळी काढली. आधी पाच मिनिटं, मग दहा, कधी दोन दिवस परत बंद. घाई केली की आठवडा मागं, हे दोनदा अनुभवलं. दिवाळीला मला सगळ्यात जास्त भीती होती. माणसाला ऐकू येतं त्याच्या तिप्पट उंचीचे आवाज मांजराला ऐकू येतात आणि आमच्या गल्लीत लक्ष्मीपूजनाला रात्री बारापर्यंत लडी लागतात. संध्याकाळी पाचलाच दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत घेतलं, दारं-खिडक्या बंद, पंखे फुल, पोरगं हुरड्यापाशी गोष्टीचं पुस्तक वाचत बसलं, आत्याबाई ठकीपाशी. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत दार उघडलं नाही. उघडल्यावर हुरडा थोडा फुगला, ठकी एकदा फिस्कारली, झालं. हुरड्याला आता दवाखान्यात न्यायचं असलं तर डॉक्टरांनी वजनावर मोजून दिलेली गॅबापेंटिनची, म्हणजे भीती कमी करणारी, गोळी आधी देतो, ती मनानं द्यायची नाही, आणि आल्यावर लुगड्याच्या फडक्यानं पुसून एक रात्र वेगळा.

दोघं एकमेकांना चाटत नाहीत. अंगाला अंग लावून झोपत नाहीत. आत्याबाई अजून वाट बघायल्यात, मी बघत नाही. एकत्र आणलेली दोन परकी मांजरं एका घरात आपापल्या वाटेनं राहिली तरी लई झालं.

काल दुपारी मी भाजी निवडत बसले होते. ठकी मधल्या दारात, उंबऱ्यावर, तिच्या जुन्या जागी. हुरडा बाहेरून आला आणि दारापाशी थांबला. माझा हात तसाच मेथीत राहिला. ठकीनं त्याच्याकडं बघितलं, मग मान वळवून खिडकीकडं बघायला लागली आणि शेपटी उचलून अंगाजवळ घेतली, वीतभर जागा झाली. हुरडा त्या वीतभर जागेतून आत आला, ताटलीपाशी गेला आणि पाठ तिच्याकडं करून खाल्लं, सगळं. कान पुढं होते.

आज सकाळी घमेली साफ करताना भुशातले ओले गोळे मोजले, रोज मोजते. हुरड्याचे तीन.